एच-४ वर नोकरी, नवऱ्याची कंपनी बदलतेय आणि आपलं एच-१बी लागलंय: नोकरी कशी सांभाळायची

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला कारण त्यात एक नाही, चार गोष्टी एकदम हलतायत. तुम्ही अमेरिकेत एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचं स्टेटस) ईएडीवर (काम करायच्या परवानगीचं कार्ड) तीन वर्षं नोकरी करताय, तुमचं आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) आणि कार्ड दोन्ही ऑगस्टमध्ये संपतंय, मिस्टर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत जातायत, तुमच्या कंपनीने तुमचं नाव एच-१बीच्या (कंपनीमार्फत मिळणारं स्वतःचं नोकरीचं स्टेटस) लॉटरीत टाकलं होतं ते मार्चमध्ये लागलं, आणि जूनमध्ये भावाच्या लग्नाला भारतात जायचंय. आणि एवढं सगळं सांगून विचारलंय फक्त "माझी नोकरी चालू राहील ना?"

राहू शकते. पण कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हा क्रम चुकला तर मध्येच दोन-चार महिने घरी बसायची वेळ येऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी २००४ साली एच-४ वर इथे आले, तेव्हा एच-४ ला ईएडी नावाचा प्रकारच नव्हता. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत सहा वर्षं मी घरी होते, हातात डिग्री आणि अनुभव असूनही. २०११ पासून इमिग्रेशनच्या केसेसवर काम करतेय, आधी एका लॉ फर्ममध्ये आणि आता कंपनीच्या इमिग्रेशन डेस्कवर. मी वकील नाही, कायद्याचा सल्ला वकिलाचाच आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. पण वकील ज्या फाइली बघतात त्या आमच्या हातून पुढे जातात, आणि बायकोची (किंवा नवऱ्याची, आता तेही बरेच असतात) नोकरी नेमकी कुठे अडकते ते मी खूप वेळा बघितलंय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प, हातातलं ईएडी कार्ड आणि तुमचं स्टेटस (तुम्ही देशात कुठल्या प्रकारात राहताय ते) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोकरी शेवटी टांगलेली असते ती तिसऱ्यावर. स्टॅम्प फक्त देशात शिरायला लागतो, तो संपला म्हणून कोणी तुम्हाला कामावरून थांबवत नाही. कार्ड एचआरला दाखवायला लागतं. पण कार्डावर सी२६ असं जे छापलेलं असतं ना, त्याचा अर्थच असा की ही बाई एच-४ आहे म्हणून हिला काम करता येतं, म्हणजे एच-४ संपलं की कार्डावर पुढची तारीख असली तरी त्या तारखेला काही अर्थ उरत नाही. आणि एच-४ कधी संपतं हे आय-९४ वर लिहिलेलं असतं, बाकी कुठेही नाही.

हे लोकांना पटत नाही म्हणून एक केस सांगते. आमच्याकडची एक मुलगी, कार्ड अजून पावणेदोन वर्षं चालणारं होतं. मधे दोन आठवडे भारतात जाऊन आली. परत येताना एअरपोर्टवरच्या ऑफिसरने तिच्या नवीन आय-९४ वर तारीख टाकली ती पासपोर्ट संपायची, कारण पासपोर्टचं एकच वर्ष उरलं होतं आणि त्या तारखेपुढे ते सहसा देत नाहीत. तिने ते बघितलंच नाही. आता कागदी आय-९४ कोणी हातात देत नाही, सीबीपीच्या (एअरपोर्टवर तपासणी करणारं सरकारी खातं) साइटवर जाऊन आपण काढायचं असतं. पासपोर्ट रिन्यू केला, नवीन पासपोर्ट आला, तिला वाटलं सगळं ठीक. पासपोर्ट रिन्यू झाला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. एक दिवस ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेली तर काउंटरवरची बाई म्हणाली सिस्टीममध्ये तुमचं स्टेटस दिसतच नाहीये. मी आणि ती त्या दिवशी कॅलेंडर घेऊन बसलो आणि दिवस मोजले, १४३ निघाले. १४३ दिवस ती रोज ऑफिसला जात होती आणि एकही दिवस कायद्याने धरला जाणार नव्हता. १८० दिवस ओलांडले असते आणि मग देशाबाहेर पडली असती तर तीन वर्षं परत येता आलं नसतं, वर्ष ओलांडलं असतं तर दहा वर्षं. तिला त्याच दिवशी काम थांबवावं लागलं, भारतात जाऊन स्टॅम्पिंग करून परत यावं लागलं आणि मगच पुन्हा सुरू करता आलं. तिची चूक काय, तर एक पान डाउनलोड केलं नाही. म्हणून आजच्या आज तुमचं आय-९४ काढा, आणि पासपोर्ट कधी संपतोय तेही बघा.

आता मिस्टरांची कंपनी बदलण्याचं. लोकांना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते आणि खरं तर याने नोकरीला सगळ्यात कमी धक्का लागतो. एच-४ हे नवऱ्याच्या कंपनीला बांधलेलं नसतं, नवऱ्याच्या एच-१बी स्टेटसला बांधलेलं असतं. ते एका कंपनीतून दुसरीकडे गेले, मधे स्टेटस तुटलं नाही, तर तुमचं आत्ताचं एच-४ आणि ईएडी आहे त्या तारखेपर्यंत चालतं. तुमच्या एचआरला काही कळवायचीही गरज नसते. फक्त एक गोष्ट बघायची ती म्हणजे आय-१४०, कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेली याचिका. एच-४ ला ईएडी मिळतं ते २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने, आणि त्याची अट अशी की नवऱ्याचं आय-१४० मंजूर हवं, नाहीतर त्यांना एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढचं एक्स्टेन्शन ग्रीन कार्ड प्रोसेसच्या आधारावर मिळालेलं हवं. आता जुन्या कंपनीने चिडून आय-१४० परत घेतलं तर? मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर कंपनीने मागे घेतलं तरी ते आपोआप रद्द होत नाही, हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. १८० दिवस झाले नसतील तर मात्र मिस्टरांनी थोडं थांबून कंपनी बदलणं चांगलं, दोन-तीन महिन्यांसाठी तुमचं ईएडी धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. आणि त्या आय-१४० च्या ॲप्रूव्हल नोटिसची एक कॉपी तुमच्याकडे पाहिजे म्हणजे पाहिजे. पुष्कळ कंपन्या ती कर्मचाऱ्याला देत नाहीत, राजीनामा दिल्यावर तर विसराच, म्हणून शेवटच्या दिवसाच्या आधी मागून घ्यायला सांगा, निदान रिसीट नंबर तरी.

इथे एक आडवळण घेते कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू पडेल. नवरा एल-१ वर (कंपनीने तिच्या परदेशातल्या ऑफिसमधून इथे बदली केलेला) असेल तर बायको एल-२ वर असते, आणि नोव्हेंबर २०२१ मधल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर एल-२ च्या जोडीदाराला वेगळं ईएडी लागत नाही, आय-९४ वर एल-२एस लिहिलेलं असलं की तेवढ्यावर नोकरी करता येते. छान सोय आहे. पण मग नवऱ्याचं लॉटरीत एच-१बी लागतं, घरात पेढे वाटले जातात, १ ऑक्टोबरला तो एल-१ चा एच-१बी होतो, आणि बायको? नवरा एल-१ राहिला नाही म्हणजे ती एल-२ राहू शकत नाही, तिला एच-४ व्हावं लागतं, आणि एच-४ ला आय-१४० शिवाय काम करता येत नाही. म्हणजे नवऱ्याचं प्रमोशन झाल्यासारखं आणि तिची नोकरी त्याच दिवशी बंद. माझ्यासमोर एक जण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे कळून अक्षरशः रडला होता, कारण बायकोच्या पगारावर घराचा हप्ता धरलेला. अशा घरात आधी आय-१४० मंजूर होऊ द्यावं, एल-१ ची मुदत शिल्लक असेल तर एच-१बीकडे जायची घाई करू नये, किंवा बायकोचं स्वतःचं एच-१बी बघावं. नवऱ्याच्या वकिलाला हा प्रश्न तुम्हीच विचारावा लागतो. तो वकील नवऱ्याच्या कंपनीचा असतो, बायकोची नोकरी त्याच्या फाइलमध्ये कुठे लिहिलेलीच नसते.

परत तुमच्याकडे येते. ऑगस्टमध्ये आय-९४ संपतंय, म्हणजे मिस्टरांची नवीन कंपनी त्यांचं आय-१२९ (एच-१बीची याचिका) भरेल तेव्हाच तुमचं आय-५३९ (एच-४ चं एक्स्टेन्शन) आणि आय-७६५ (ईएडी) सोबत भरायचं. सोबत भरलं म्हणजे सोबत मंजूर होईल असं नाही हे आधीच मनाशी धरा. मिस्टरांचं प्रीमियममध्ये (जादा फी भरून लवकर निर्णय) टाकलं तर १५ वर्किंग डेजमध्ये उत्तर येतं. तुमच्या आय-५३९ ला प्रीमियम नाही, आय-७६५ लाही नाही. जानेवारी २०२३ मधल्या एका तडजोडीमुळे दोन वर्षं हे सगळं एका गठ्ठ्यात बघत होते, नवऱ्याचं प्रीमियम असलं की बायकोचंही त्यासोबत सुटायचं, ती मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. तेव्हापासून कधी एकत्र सुटतं कधी नाही, त्यावर प्लॅन करू नका.

दुसरं, आणि याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. आधी ईएडी रिन्यूअल वेळेत भरलं तर जुनं कार्ड संपल्यावरही आपोआप मुदतवाढ मिळायची, आधी १८० दिवस आणि मग ५४० दिवस. एच-४ ला तेव्हाही ती आय-९४ च्या तारखेपर्यंतच होती, पण ज्यांचं आय-९४ लांबचं होतं त्यांची नोकरी त्याने वाचायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्यूअलला ही मुदतवाढ नाही. कार्डाची तारीख संपली आणि नवीन कार्ड हातात नसलं की दुसऱ्या दिवशी काम बंद, अर्ज पेंडिंग असला तरी. रिन्यूअल १८० दिवस आधी भरता येतं, तुम्ही त्या मुदतीत आलेल्याच आहात, म्हणजे एक दिवससुद्धा घालवायला नको. मिस्टरांच्या नवीन कंपनीचा वकील "बघू, जॉइनिंग झाल्यावर फॅमिलीचं करू" म्हणाला तर ऐकू नका, तुमचे पेपर त्याच पाकिटात गेले पाहिजेत असं मिस्टरांनी ऑफर स्वीकारतानाच बोलून घ्यायचं. ऑफर हातात असते तेव्हा कंपनी ऐकते, नंतर नाही.

तुमचं एच-१बी लागलंय याचा मला फार आनंद झाला. आणि माझं स्पष्ट मत आहे की ते घ्या. पण त्यात एक खड्डा आहे तो बघा. लॉटरीतलं एच-१बी सुरू होतं १ ऑक्टोबरला. तुमचं एच-४ संपतंय ऑगस्टमध्ये. एफ-१ वाल्या (विद्यार्थी व्हिसावरच्या) मुलांना या मधल्या काळासाठी कॅप-गॅप नावाची सोय असते, एच-४ ला ती नाही. म्हणजे ऑगस्ट ते ३० सप्टेंबर हा पूल तुमच्या एच-४ एक्स्टेन्शननेच बांधायचा आहे, आणि तो नसेल तर देशातल्या देशात स्टेटस बदलून द्यायला यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं) नकार देऊ शकतं. खूप जणी म्हणतात ऑक्टोबरपासून एच-१ होणारच आहे, मग एच-४ चं एक्स्टेन्शन आणि ईएडीचे ५२० डॉलर कशाला घालवायचे. नाही, घालवाच. एक्स्टेन्शन हवंच आहे, आणि ईएडी वेळेत आलं तर ते सहा आठवडेही पगार चालू राहील, शिवाय एच-१बीवर आरएफई (जादा पुरावे मागणारी नोटीस) आला आणि ते लांबलं तर हेच कार्ड हाताशी असेल. आणि समजा ईएडी नाहीच आलं वेळेत, तरी कार्ड संपल्यापासून १ ऑक्टोबरपर्यंतच घरी बसावं लागेल, कारण एच-१बी सुरू झालं की ईएडीचा प्रश्नच मिटतो. म्हणजे एच-१बी वेळेत मंजूर झालं तर सहा आठवडे, एवढं धरून चाला.

मात्र दोन वकील असतील, मिस्टरांच्या नवीन कंपनीचा एक आणि तुमच्या कंपनीचा दुसरा, तर दोघांनाही दुसऱ्याचं काय चाललंय ते तुम्ही लेखी कळवा, ईमेलमध्ये, दोघांना सीसी करून. कारण असं आहे की तुमचा एच-४ एक्स्टेन्शनचा अर्ज आणि एच-१बीचा अर्ज दोन्ही एकाच वेळी रांगेत असतील, आणि इमिग्रेशनमध्ये जो निर्णय शेवटी होतो तो चालतो. एच-१बी आधी मंजूर झालं आणि एच-४ त्यानंतर, विशेषतः १ ऑक्टोबरनंतर मंजूर झालं, तर तुम्ही नक्की कोण हा गुंता होतो. वकिलाला माहीत असेल तर तो अर्जासोबतच्या पत्रात सगळं लिहितो, तारखा त्याप्रमाणे मागतो. माहीत नसेल तर दोघंही आपापलं काम चोख करतात आणि निस्तरावं तुम्हाला लागतं.

आणखी एक. १ ऑक्टोबरपासून तुम्ही एच-१बी झालात की एच-४ चं कार्ड मेलं, मग त्यावर २०२८ लिहिलेलं असू दे. तुमच्या बाबतीत कंपनी तीच आहे म्हणून हे फार जाणवणार नाही, एचआर फक्त आय-९ फॉर्म (काम करायची परवानगी तपासल्याची कंपनीकडची नोंद) अपडेट करेल. पण एका कंपनीत ईएडीवर काम आणि दुसऱ्याच कंपनीने एच-१बी भरलेलं, असं असतं तेव्हा फार मोठी चूक होते. बाई म्हणते नवीन कंपनी नोव्हेंबरमध्ये जॉइन करते, तोपर्यंत इथेच ईएडीवर राहते. नाही राहता येत. १ ऑक्टोबरला स्टेटस आपोआप बदलतं, तुम्ही जॉइन झालात की नाही ते कोणी विचारत नाही, आणि जुन्या कंपनीतला त्यानंतरचा प्रत्येक दिवस विनापरवानगी काम धरला जातो. ईएडीवर बाजूला काही फ्रीलान्स, क्लासेस, स्वतःची एलएलसी असं काही करत असाल तर तेही ३० सप्टेंबरला थांबवायचं, एच-१बीमध्ये ज्या कंपनीने, ज्या कामासाठी आणि ज्या ठिकाणासाठी अर्ज केला तेवढंच. घर बदलून दुसऱ्या शहरातून काम करायचं असेल तरी आधी कंपनीला विचारावं लागतं. ही मोकळीक जाते खरी, आणि ज्या मैत्रिणींचा छोटा व्यवसाय ईएडीवर उभा आहे त्यांना मी एच-१बी घ्या असं सरसकट सांगत नाही.

तरी तुम्हाला घ्या का म्हणते? कारण एकदा लॉटरीतून तुमचा नंबर मोजला गेला की तो तुमचा झाला. पुढे कधी एच-४ वर परत यावं लागलं, मूल झालं, आई आजारी पडली, काहीही, तर सहा वर्षांतले उरलेले दिवस शिल्लक राहतात आणि त्यासाठी पुन्हा लॉटरी लागत नाही. एच-४ वर घालवलेला काळ त्या सहा वर्षांत धरत नाहीत. एच-४ ईएडीवर केस चालू होती २०१५ पासून, अपील कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कायम ठेवला आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढचं अपील ऐकायला नकार दिला, म्हणजे कोर्टाकडून नियम आज सुरक्षित आहे, पण जो नियम सरकारने केला तो सरकार बदलूही शकतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मिस्टरांच्या नोकरीचं काही झालं तर तुमचं त्यासोबत पडत नाही.

हा शेवटचा मुद्दा लोक ले-ऑफ झाल्यावरच शिकतात. एच-१बी वाल्याची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. घरात दोघंही त्याच एका एच-१बीवर उभे असतील तर ६० दिवसांत दोघांचंही अधांतरी होतं. दोघांची वेगवेगळी असतील तर ज्याची गेली तो ६० दिवसांच्या आत दुसऱ्याचा एच-४ होण्यासाठी अर्ज करतो आणि घर चालू राहतं. २०२३ च्या ले-ऑफमध्ये मी अशी कुटुंबं बघितली जी फक्त बायकोने चार वर्षांपूर्वी कटकट करून स्वतःचं एच-१बी करून घेतलं होतं म्हणून इथे टिकली. नवरा घाबरून बी-२ व्हिजिटर स्टेटसचा अर्ज करायला निघतो तेव्हाही लक्ष ठेवा, तो एच-१बी राहिला नाही तर तुम्ही एच-४ राहत नाही, आणि ईएडीवरची नोकरी तिथे संपते.

आता भावाचं लग्न. मला माहीत आहे हे वाचताना तुमचा जीव तिथेच अडकला असेल. सरळ सांगते, एच-१बीचा चेंज ऑफ स्टेटसचा अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की स्टेटस बदलायची मागणी तुम्ही सोडून दिली असं धरतात. याचिका मंजूर होऊ शकते पण मग भारतात जाऊन स्टॅम्प घेऊनच एच-१बीवर येता येतं. आधी हे नुसतं गैरसोयीचं होतं. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर देशाबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नवीन एच-१बी याचिकेवर १ लाख डॉलर आले, आणि यूएससीआयएसने २० ऑक्टोबर २०२५ ला खुलासा केला की देशातल्या देशात स्टेटस बदलणाऱ्याला ते लागत नाहीत, पण अर्जाचा निर्णय व्हायच्या आधी माणूस बाहेर गेला आणि त्यामुळे स्टेटस बदलता आलं नाही तर लागतात. म्हणजे ते तिकीट कंपनीला १ लाख डॉलरला पडू शकतं, आणि बहुतेक कंपन्या ते भरणार नाहीत, ऑफरच संपेल. तुमचं एच-४ एक्स्टेन्शनही बाहेर पडलात की सोडून दिल्यातच जमा होतं.

मंजुरी लवकर घेऊन, प्रीमियम भरून, जूनमध्ये जाऊन येते असं मनात येईल. तरी मी नको म्हणेन. १ ऑक्टोबरच्या आधी तुम्ही परत आलात तर एच-४ वरच येणार, मग शेवटची एंट्री एच-४ ची, आणि मंजूर झालेलं एच-१बी १ ऑक्टोबरला आपोआप लागलं का यावर वाद घालत बसायची वेळ येते. शिवाय एच-४ चा स्टॅम्प संपला असेल तर अपॉइंटमेंटचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय स्टॅम्प मिळायची सोय) जवळजवळ बंद आहे, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ दोघांचेही सोशल मीडिया अकाउंट तपासायला लागल्यावर भारतातल्या कॉन्सुलेटनी कित्येकांच्या तारखा महिनोन्महिने पुढे ढकलल्या. लग्नाला दहा दिवस गेलेल्या मुली तिकडेच अडकल्या आणि इथे त्यांच्या मॅनेजरने किती दिवस वाट बघायची? भारतात बसून इथल्या पगारावर काम करायची परवानगीही प्रत्येक कंपनी देत नाही. मी तुमच्या जागी असते तर मिस्टरांनाही पाठवलं नसतं, त्यांचं ट्रान्सफर चालू आहे. मी स्वतः सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेले नव्हते, २००८ मध्ये, अशाच कारणाने, त्यामुळे हे लिहिताना हलकेपणाने लिहीत नाहीये. भावाला नोव्हेंबर-डिसेंबरची तारीख शक्य आहे का एकदा विचारून तर बघा, एच-१बी लागू झाल्यावर जाता येईल, अर्थात स्टॅम्पिंग करावंच लागेल आणि त्याच्या तारखा आधी हातात हव्यात.

ऑफिसमध्ये काय सांगायचं हेही विचारलंय. एचआरला आत्ताच सांगा की कार्ड ऑगस्टमध्ये संपतंय, रिन्यूअल भरतेय, मधे गॅप पडू शकते. लपवू नका, त्यांच्या सिस्टीमला तारीख माहीत असतेच, आय-९ मध्ये भरलेली असते आणि त्या दिवसापर्यंत नवीन कागद बघितल्याशिवाय ते तुम्हाला कामावर ठेवू शकत नाहीत. राजीनामा देऊ नका, बिनपगारी रजा मागा. पुष्कळ कंपन्या देतात, विशेषतः एच-१बी त्यांनीच भरलेलं असेल तर. हेल्थ इन्शुरन्स तुमच्या नावावर असेल तर त्या काळात मिस्टरांच्या कंपनीच्या प्लॅनवर जाता येईल का ते आधी बघून ठेवा. आणि रजेत असताना खरोखर काम करायचं नाही. "जरा एक फाइल बघून देशील का" असा टीममधून मेसेज येतो, आपल्यालाही नाही म्हणायला जड जातं, पण लॅपटॉप जमा करून टाका, ईमेल फोनवरून काढून टाका. बिनपगारी केलं म्हणून ते काम नाही असं होत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात नोकरीच्या आधारावर येणाऱ्यांना एकूण १८० दिवसांपर्यंतच्या चुका माफ होतात, पण ती सवलत नकळत झालेल्या चुकांसाठी शिल्लक ठेवावी, मुद्दाम वापरायची नाही.

ग्रीन कार्डचा विषय निघालाच तर थोडक्यात. प्रायॉरिटी डेट करंट होऊन (ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर येऊन) दोघांचं आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरलं गेलं की वेगळं ईएडी मिळतं, त्यावर सी०९ असतं, ते नवऱ्याच्या एच-१बीवर नाही तर त्या पेंडिंग अर्जावर चालतं. ५ डिसेंबर २०२५ पासून ते कार्ड पाच वर्षांऐवजी जास्तीत जास्त १८ महिन्यांचंच देतात, आणि आपोआप मुदतवाढ त्यालाही नाही. म्हणजे दीड वर्षाने पुन्हा हीच धावपळ. त्यामुळे सी०९ हातात आलं तरी एच-१बी असेल तर सोडू नका.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला, पण लिहिते, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या एखादीसाठी. घटस्फोट झाला की एच-४ त्या दिवशी संपतं, त्यासोबत ईएडी आणि नोकरीही. काही घरांमध्ये हे धमकी म्हणून वापरलं जातं, "मी एक सही केली तर तुला विमानात बसावं लागेल" असं. नवऱ्याकडून मारहाण किंवा छळ होत असेल तर एच-४ वरच्या बाईला आय-७६५व्ही नावाचा वेगळा फॉर्म भरून स्वतःच्या नावावर ईएडी मागता येतं, त्याला नवऱ्याची सही लागत नाही. घटस्फोटाचे कागद पुढे सरकायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकटीने भेटा, नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाला नाही. आणि पासपोर्ट, आय-९४, आय-१४० ची कॉपी, लग्नाचं सर्टिफिकेट या सगळ्याचे फोटो आपल्या स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, हे मी सुखी संसारातल्या बायकांनाही सांगते.

तर तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात आय-९४ आणि पासपोर्टच्या तारखा बघणं, मिस्टरांकडून आय-१४० ची कॉपी, दोन्ही वकिलांना एकच ईमेल. मिस्टरांच्या आय-१२९ सोबत तुमचं आय-५३९ आणि आय-७६५. तुमच्या कंपनीला सांगून एच-१बी प्रीमियममध्ये आणि फॉर्मवर "चेंज ऑफ स्टेटस" हाच पर्याय निवडलाय ना याची खात्री, कारण घाईत पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) कॉन्सुलर नोटिफिकेशनवर (भारतात स्टॅम्प घेऊन यायचा पर्याय) टिक करून मोकळा होतो आणि आपल्याला ऑक्टोबरमध्ये कळतं. ॲप्रूव्हल नोटिस आली की वर काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी सगळ्यात खाली बघा. खाली कापून घ्यायचं आय-९४ जोडलेलं असेल आणि वर आय-७९७ए असेल तर १ ऑक्टोबरला तुम्ही जागच्या जागी एच-१बी. आय-७९७बी असेल आणि खाली आय-९४ नसेल, तर १ ऑक्टोबरलाही तुम्ही एच-४ च असाल, ईएडी चालू असेल तरच ऑफिसला जायचं आणि त्याच दिवशी वकिलाला फोन करायचा.